रुबी प्रोग्रामिंग भाषेत ‘ट्राय’सारखी मेथड हवी, रेल्स (रुबीचं वेब फ्रेमवर्क) नको. कुठलं जेम (तयार कोडचं पॅकेज) घ्यावं?

सुईदोरा: रुबी ३.२, कमांड-लाइनवर चालणारा रिपोर्ट. कॉलमची नावं कॉन्फिग फाइलमधून येतात, ऑब्जेक्ट तीन वेगवेगळ्या क्लासचे. मेथड असेल तर चालावी, नसेल तर निल (‘काहीच नाही’ हे मूल्य) मिळावं. एकापेक्षा जास्त जेम चढवायचं नाही.

रानवाट: सरळ अ‍ॅक्टिव्हसपोर्ट. रेल्समधलंच, पण वेगळं वापरता येणारं जेम. आधी ते रिक्वायर (लोड) करा, मग कोअर एक्स्टेंशनमधली फक्त ‘ट्राय’ची फाइल.

खटाटोप: फाइल एकच लोड केली तरी सोबत आय१८एन, टीझेडइन्फो, कॉन्करंट-रुबी ही जेमसुद्धा इन्स्टॉल होतातच. अट वाचा ना. डिसेंबर २०१५ मध्ये रुबी २.३ आली तेव्हापासून &. (डावीकडे निल असेल तर मेथड न चालवता निलच देणारं चिन्ह) भाषेतच आहे.

तिरकीरेघ: &. ला +१. मात्र साखळीत प्रत्येक टप्प्यावर लावा. ‘ऑर्डर&.ग्राहक.नाव’ असं लिहिलं आणि ऑर्डर निल निघाली, तर ‘नाव’ निललाच विचारलं जातं आणि नोमेथडएरर (‘अशी मेथडच नाही’ ही एरर) येते. जावास्क्रिप्टचं ?. पुढची अख्खी साखळी सोडून देतं, त्या सवयीने इथे फसायला होतं.

खटाटोप: इथे जावास्क्रिप्टचा काय संबंध?

ओळंबा: &. फक्त निल बघतं. ऑब्जेक्ट आहे पण मेथड नाही, तिथे तेही नोमेथडएररच देणार. ‘ट्राय’चा धोका उलटा आहे: रेल्स ४ पासून मेथड नसली की गुपचूप निल. कॉन्फिगमध्ये एक अक्षर चुकलं तर अख्खा कॉलम रिकामा, आणि एरर कुठेच नाही. म्हणून सुरुवातीलाच प्रत्येक नाव तिन्ही क्लासवर मेथड_डिफाइन्ड? ने तपासा, एकातही नसेल तर तिथेच थांबवा. बाकी ऑब्जेक्ट या मूळ क्लासला हात न लावता मॉड्यूलमध्ये साधी मेथड लिहा: रिस्पॉन्ड_टू? (मेथड आहे का), मग पब्लिक_सेंड (नावावरून पब्लिक मेथड चालवणं). नुसता सेंड नको. तो प्रायव्हेट मेथडही चालवतो. कॉन्फिगमध्ये ‘एक्झिट’ आलं तर प्रोग्रामच बंद.

रानवाट: तरी अ‍ॅक्टिव्हसपोर्टच. सिंपलडेलिगेटर (दुसऱ्या ऑब्जेक्टवरचं आवरण) ऑब्जेक्ट क्लासऐवजी त्याच्याही वरच्या बेसिकऑब्जेक्टपासून निघतो, घरी लिहिलेल्या ‘ट्राय’तून तो सुटतो. त्यांनी त्याची वेगळी सोय केली आहे.

सुईदोरा: आमच्याकडे सिंपलडेलिगेटर नाही. जेम नको, मॉड्यूलही नको, रिफाइनमेंट (क्लासमध्ये फक्त ठरावीक फाइलींपुरता बदल) करतो. ऑब्जेक्ट क्लाससाठी एक, निलक्लाससाठी एक जी कायम निल देईल, नाहीतर निलचं टू_एस रिकामी स्ट्रिंग देतं. सुरुवातीची तपासणी घेतली.

ओळंबा: मग आर्ग्युमेंट पुढे देताना * सोबत ** पण लिहा. रुबी ३ पासून नुसत्या * ने कीवर्ड आर्ग्युमेंटची साधी हॅश होते. आणि रिफाइनमेंट चालू करणारं ‘यूझिंग’ दर फाइलीत वेगळं लागतं.