पुनर्विकासात काचेची भिंत हवी की छज्जा?

मुलुंडकर
आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचे नकाशे आले. पश्चिमेच्या बेडरूमना जमिनीपासून छतापर्यंत काच. छज्जा नाही, गॅलरी नाही. वास्तुविशारदांना विचारलं तर म्हणाले, "एसी सगळेच लावतात." एकाने सुचवलं की जर्मनीसारखं ‘पॅसिव्ह हाऊस’ मागा. ती कल्पना १९९१ च्या सुमारास डार्मस्टाटला पहिल्यांदा उभी राहिली. भिंतींना जाड उष्णतारोधक थर, फटी पूर्ण बंद, आणि बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारं यंत्र. वर्षाला दर चौरस मीटरला १५ युनिटच्या आत घर उबदार राहतं.

पण तिथे हिवाळ्यात आत-बाहेर वीस-पंचवीस अंशांचा फरक असतो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ३३ आणि आत २६ धरले, तरी फरक सातच अंशांचा, म्हणजे भिंतींना जाड थर देऊन फारसं काही साधत नाही. आपला शत्रू काचेतून थेट आत येणारं ऊन आहे. ते बाहेरच अडवा आणि वारा आरपार जाऊ द्या. मुंबईत कंबाला हिलवरचं कांचनजंगा बघा, १९८३ ची उंच निवासी इमारत. समुद्राचा वारा पश्चिमेचा, रणरणतं ऊन आणि पावसाची झडही पश्चिमेचीच. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी तिथे दोन मजली उंचीच्या खोल गॅलऱ्या ठेवल्या. चाळीतल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

हायवेलगत
वारा कुठून आणणार? समोरची इमारत इतकी जवळ आहे की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजते. दुसऱ्या बाजूला हायवे. खिडकी उघडली की तासाभरात टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. माझ्या मुलाला दमा आहे, त्यामुळे खिडक्या बंदच असतात. मग त्या नीट बंद होणाऱ्या का नसाव्यात? ताजी हवा गाळून आत घेणारं आणि तिचा दमटपणा कमी करणारं यंत्र का नको? जकार्तासारख्या दमट शहरात ऑस्ट्रियाच्या दूतावासाची इमारत २०११ मध्ये याच पद्धतीने बांधली गेली. सावलीने ऊन थांबतं, घाम थांबत नाही. कांचनजंगा टेकडीवरची उंच इमारत आहे. तो नमुना माझ्या गल्लीला लागू नाही.

दुपारची_शाळा
दोघांनीही घराचंच मांडलंय, मी वर्गाचं सांगते. जुन्या इमारतीत एका अंगाला व्हरांडा होता, समोर खिडक्या, वर झडपा. नव्या इमारतीत मधे अंधारा बोळ आणि दोन्ही बाजूंना वर्ग. वारा एका बाजूने येतो आणि बोळाच्या भिंतीशी अडतो. भर दुपारी दिवे लावून शिकवते, पन्नास मुलं घामाने थबथबलेली असतात. या वर्गांना एसी कधीच मिळणार नाही. यंत्रावर चालणारं उत्तर आमच्या कामाचं नाही. आम्हाला तो व्हरांडा परत हवा.

हायवेलगत
बाई, शाळेबाबत पूर्ण मान्य. पण ज्या घरात एसी लागणारच आहे, तिथे तो कमीत कमी चालावा, एवढंच माझं म्हणणं.

साइटवरचा
पंधरा वर्षं बांधकामावर आहे. मुलुंडकर, पश्चिमेला नुसता छज्जा मागून फसाल. चार वाजता ऊन तिरपं असतं, ते छज्ज्याखालून सरळ आत येतं. तिथे काचेच्या बाहेर सरकती झडप किंवा उभ्या पट्ट्या लागतात. आत लावलेला पडदा उपयोगाचा नाही, उष्णता तोवर आत आलेली असते. छज्जा दक्षिणेला कामाचा. उत्तरेलाही हवा, कारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मुंबईत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो. हे नकाशा काढणारेही विसरतात. आणि जाड थर बिनकामाचा, हे पटत नाही. गच्ची हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते, शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्याला विचारा. गच्चीवर थर द्या आणि वर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या फरशीच्या तुकड्यांचा थर.

एक अडचण आहेच: गॅलरी दिली की लोक ती बंद करून खोलीत घेतात.

मुलुंडकर
आमच्या मजल्यावर चारपैकी तिघांनी घेतलीय, त्यात आम्हीही. जागेची ओढ होती. म्हणून झडपांचं पटतंय. ताई, मुलाची खोली घट्ट बंद होणारी असावी हेही पटलं, पण अख्खं घर तसं करायला मी तयार नाही. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मुंबईत पंखाही लागत नाही, तेव्हा खिडकी उघडताच आली पाहिजे.

रविवारी सभा आहे. घरांसाठीच्या केंद्र सरकारच्या ऊर्जाबचत नियमावलीत, ‘इको निवास संहिते’त, भिंती आणि खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेवर दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा आहे. पश्चिमेची काच धरून आमच्या इमारतीचा आकडा किती, तो लेखी द्या, असं मागणार आहे. साइटवरचे, पत्रात अजून काय घालू?

साइटवरचा
झडपा नकाशात आणि करारात, दोन्हीकडे लिहून घ्या. नुसत्या नकाशातल्या झडपा शेवटच्या वर्षी गळतात.