प्रतिसाद: अंडी थोडी की पुष्कळ?

वर कुणीतरी म्हटलंय की मोठं अंडं म्हणजे सशक्त पिल्लू, मग सगळ्याच माद्या मोठी अंडी का घालत नाहीत? जीवशास्त्रज्ञ बॅरी सिनर्व्हो यांनी नेमका हाच प्रश्न कॅलिफोर्नियातल्या छोट्या सरड्यांना, म्हणजे यूटा स्टान्सबुरियानाला, विचारला. नुसतं निरीक्षण करून नाही! त्यांनी अंड्यातला थोडा बलक सुईने काढून मुद्दाम लहान पिल्लं मिळवली. उलट, मादीच्या अंडाशयातले काही बीजकोश (ज्यांत अंडी वाढतात त्या पिशव्या) नष्ट केले की उरलेली अंडी मोठी होत. पण फार मोठी झाली की ती मादीच्या पोटातच अडकत किंवा बाहेर येताना फुटत. म्हणजे आकाराची वरची मर्यादा मादीचं शरीरच ठरवतं.

त्याच जातीत नारिंगी गळ्याच्या माद्या पुष्कळ लहान अंडी घालतात, पिवळ्या गळ्याच्या थोडी पण मोठी.

नरांची गंमत तर त्याहून न्यारी. नारिंगी गळ्याचा नर निळ्या गळ्याच्या नराला हरवतो, निळा पिवळ्याला, आणि मादीसारखा दिसणारा पिवळा गुपचूप नारिंगीच्या हद्दीत घुसून त्याच्यावर मात करतो. १९९६ च्या शोधनिबंधात याला चक्क दगड-कागद-कात्री म्हटलंय. (मला मात्र बलकाचा प्रयोगच जास्त आवडतो.)