दयामरणाच्या वेळी कुत्रीजवळ थांबावे का?

प्रश्न: आमच्या १४ वर्षांच्या कुत्रीची मूत्रपिंडे निकामी झाली असून डॉक्टरांनी दयामरणाचा सल्ला दिला आहे. मला तिच्याजवळ बसायचे आहे, पण नेमके काय पाहावे लागेल या विचाराने धीर सुटतो.

उत्तर १: बहुतेक डॉक्टर आधी गुंगीचे इंजेक्शन देतात, त्यामुळे ती काही मिनिटांत गाढ झोपते, मग पायाच्या शिरेतून पेंटोबार्बिटल या भूल देणाऱ्या औषधाची मोठी मात्रा दिली जाते आणि साधारणतः एक-दोन मिनिटांत श्वास व हृदय थांबते. डॉक्टर स्टेथोस्कोपने खात्री करून घेतात. डोळे मात्र बहुधा उघडेच राहतात, लघवी किंवा शी होऊ शकते, आणि हृदय थांबल्यावरही एखादा खोल उसासा येऊ शकतो किंवा स्नायू थरथरू शकतात. तो उसासा ऐकून मी हादरलो होतो, कारण त्या वेळी तिला काहीच जाणवत नसते, हे मला आधी कुणी सांगितले नव्हते.

उत्तर २: जमत असेल तर जरूर थांबा. आमच्या बोक्याचे डोके माझ्या तळहातावर होते, आणि औषध चढू लागताच ते हळूहळू जड होत गेलेले मला आजही आठवते. तिची रोजची चादर सोबत न्या, आणि पैसे देणे, सह्या करणे हे सारे आधीच उरकून घ्या.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. मी थांबणार आहे.