फक्त घेणाऱ्याच्या बाजूने काम करणाऱ्या तरुण एजंटांची असोसिएशन माझ्या गळ्यात पडलीय, कशी चालवू? (इंदूर)

बिचोलीवाली

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, रिअल इस्टेटमध्ये बायर साइडचं काम करते, म्हणजे प्लॉट नाहीतर फ्लॅट घेणाऱ्याकडून फी घ्यायची आणि त्याच्यासाठी शोधायचं, कागद बघायचे, भाव तोडायचा, रजिस्ट्री होऊन नामांतरण होईपर्यंत सोबत राहायचं. आमच्याकडे हे अजून लोकांच्या पचनी पडत नाही, "बिल्डर देतोच की तुम्हाला, मग आम्ही कशाला द्यायचे" हे रोजचं ऐकणं आहे.

तर असंच काम करणारे किंवा करू बघणारे आम्ही पंचविशी-तिशीतले वीसेक जण एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रूपवर होतो. मागच्या महिन्यात सगळ्यांनी ठरवलं की रीतसर असोसिएशन काढू आणि अध्यक्ष मला केलं. का, तर मी बोलते बरी. दुसरं कारण मला तरी दिसत नाही.

आता गंमत अशी की निम्मे मेंबर्स बिल्डरचे चॅनल पार्टनर पण आहेत, म्हणजे दलाली घेऊन त्याचेच प्लॉट-फ्लॅट विकणारे, सकाळी घेणाऱ्याचे आणि संध्याकाळी बिल्डरचे. एक गट म्हणतो आधी लोगो, मग विजयनगरच्या एखाद्या हॉटेलात लाँच, एक बिल्डर स्पॉन्सर करायला तयारच बसलाय. दुसरा गट म्हणतो फीचा रेट सगळ्यांचा सारखा ठरवा, एक टक्क्याच्या खाली जो जाईल त्याला काढा. आणि जुने ब्रोकर लोक हसतायत, पोरं पोरं काय करताय, आमच्यातच या.

मला विचारायचंय की मेंबर कुणाला करायचं, स्पॉन्सर घ्यायचा का, रेट ठरवायचा का, आणि रजिस्ट्रेशन आत्ता करायचं का नंतर. आणि लोक दुसऱ्या मीटिंगलाही येतील असं काय करायचं, कारण पहिल्या मीटिंगला छप्पन दुकानवर (आमची खाऊगल्ली) पोहे खाऊन फोटो काढून सगळे गेले.

रामबागकर काका

अगं पोरी, लोगो राहू दे बाजूला. आधी एक गोष्ट कागदावर लिहून काढ, की आपल्या मेंबरला पैसा कोण देणार. बाकीचं सगळं त्यावरून आपोआप ठरतं. घेणाऱ्याकडूनही फी आणि बिल्डरकडूनही दलाली, असा माणूस भाव तोडताना कुणाचा असतो हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. बिल्डर दोन टक्के देत असेल तर प्लॉट जितका महाग तितकी त्याची दलाली मोठी, मग तो तुझ्या पार्टीचे पाच लाख कशाला वाचवेल?

आणि इंदुरात हे जास्त लागू आहे कारण आपल्याकडे डायरीचा धंदा झाला. बाहेरगावच्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. कॉलनीला टी अँड सीपीची (नगर नियोजन खात्याची) मंजुरी नाही, रेरा (बिल्डर-एजंटांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नंबर नाही, कधीकधी तर जमीन अजून शेतकऱ्याच्याच नावावर, आणि प्लॉट विकले जातायत डायरीच्या पानावर. पानावर प्लॉट नंबर, साइज, भाव, आलेली रक्कम आणि खाली एक वाकडीतिकडी सही. खसरा नंबर (जमिनीचा सर्व्हे नंबर) नाही, पावती नाही. सुपर कॉरिडॉर आणि बायपासच्या आजूबाजूला तेजी होती तेव्हा अशी पानं हातोहात फिरायची, तिसरा-चौथा माणूस नफा काढून बाहेर, शेवटचा पान घेऊन बसलेला. ही पानं फिरवणारे कोण होते? एजंटच, आणि त्यातले बरेचसे तुमच्याच वयाचे.

रेराच्या कायद्यात, २०१६ च्या, कलम १० मध्ये एजंटला सरळ मनाई आहे की रजिस्टर न झालेल्या प्रोजेक्टमधलं काही विकायला मदत करायची नाही. कलम १३ म्हणतं की विक्री करार रजिस्टर केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे बिल्डरने घ्यायचे नाहीत. एजंटने नियम मोडला तर कलम ६२ खाली रोजचे दहा हजार दंड, वाढत वाढत त्या प्लॉटच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. एवढं सगळं असून डायरी चालली, कारण घेणाऱ्याच्या बाजूने विचारणारा कुणी नव्हता. तुमची असोसिएशन त्याच्यासाठी असेल तर करा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप ग्रूप काय वाईट आहे.

स्पॉन्सर बिल्डर नको म्हणजे नको. हॉटेल परवडत नसेल तर माझ्या ओट्यावर बसा, चहा माझ्याकडे.

जर्सीतला इंदुरी

काका बरोबर बोलतायत, फक्त इकडचं थोडं सांगतो म्हणजे कळेल की ही भानगड तिकडचीच नाही. अमेरिकेत नव्वदच्या दशकापर्यंत घर दाखवायला जो एजंट तुमच्यासोबत फिरायचा तो कायद्याने बहुतेक वेळा विकणाऱ्याचाच उप-एजंट असायचा. १९८३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनचा रिपोर्ट आला त्यात हेच निघालं की बहुतेक घेणाऱ्यांना वाटत होतं हा आपला माणूस आहे. त्यानंतर बायर एजंट ही वेगळी जात तयार झाली, आणि त्यातही कट्टर लोक आहेत जे स्वतःला एक्सक्लुझिव्ह बायर एजंट म्हणवतात, ते विकायला घर कधीच घेत नाहीत, त्यांची स्वतःची वेगळी राष्ट्रीय संघटना आहे.

पण पैसा मात्र तरीही विकणाऱ्याच्या कमिशनमधूनच यायचा. त्यावरून कोर्टात केसेस झाल्या आणि मार्च २०२४ मध्ये इथल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सने ४१.८ कोटी डॉलरची तडजोड केली. १७ ऑगस्ट २०२४ पासून नियम असा की एजंटने घर दाखवायच्या आधी घेणाऱ्याशी लेखी करार करायचा, त्यात फी किती ते स्पष्ट हवं. फ्लॅट फी असो की टक्के की तासावर, पण "बघू नंतर" चालत नाही. आधी एजंट लोकांनी खूप बोंब मारली, पण माझ्या ओळखीतले एक-दोघे आता म्हणतात की बरं झालं, पैशाचं बोलणं पहिल्याच दिवशी होऊन जातं.

तरुणांचं म्हणशील तर त्याच असोसिएशनमध्ये यंग प्रोफेशनल्स नेटवर्क म्हणून आहे, गावोगावच्या बोर्डात त्याची छोटी मंडळं. माझा शेजारी एकात होता, तो म्हणतो अर्धा वेळ नेटवर्किंगच्या नावाने बिअर पिण्यात जातो, पण त्याला खरा फायदा झाला तो म्हणजे नव्या पोराला जुन्या एजंटसोबत फिरायला मिळतं. तेवढं उचल. बिअरचं तुमचं तुम्ही बघा.

सयाजीगंजचा सौरभ

बडोद्याहून लिहितोय. सगळ्यांचं पटतंय पण पोट कसं भरायचं ते कुणी बोलत नाहीये. मी फक्त बायरकडून फी घ्यायचा प्रयत्न केला, दिवसभर वाघोडिया रोड ते भायली गाडी फिरवायची, पार्टी म्हणणार विचार करून सांगतो आणि त्याच प्रोजेक्टला जाऊन डायरेक्ट बुक करणार. त्यामुळे बिल्डरचं काम न करणाऱ्यांनाच मेंबरशिप असं केलंत ना, तर ताई, वीसचे चार राहतील आणि त्यातले दोन घरचे श्रीमंत असतील.

माझं मत, दोन्ही करू द्या पण एकाच सौद्यात दोन्ही नको. आणि पार्टीला पहिल्याच भेटीत लिहून द्यायचं की या या बिल्डरकडून मला दलाली मिळते, त्यांचे प्रोजेक्ट तुम्हाला दाखवले तर तुमच्याकडून फी घेणार नाही आणि मला तुमचा एजंट समजू नका. हे लिहून देताना भलेभले अडखळतात, तिथेच कळतं कुणाला ठेवायचं.

एक अजून, मेंबर व्हायला रेरा रजिस्ट्रेशन कंपल्सरी करा. "मी तर फक्त घेणाऱ्यासाठी काम करतो, मला रेरा लागत नाही" असं बरेच जण म्हणतात. कायद्यातली एजंटची व्याख्या दोन्ही बाजूंना लागू आहे, नुसती ओळख करून देणारा पण त्यात येतो. आणि ते राज्यापुरतं असतं, माझं गुजरातचं तुमच्याकडे चालणार नाही.

सीए लोकमान्यनगर

रेट ठरवायचं आधी डोक्यातून काढा, प्लीज. एकाच धंद्यातल्या लोकांनी मिळून भाव बांधणं म्हणजे २००२ च्या स्पर्धा कायद्याचं कलम ३, आणि त्यात असोसिएशनचा निर्णय पण येतो. औषध विक्रेत्यांच्या संघटनांना स्पर्धा आयोगाकडून याच प्रकारच्या गोष्टींवरून दणके बसलेत. "एक टक्क्याच्या खाली गेला तर काढा" हे ग्रूपवर कुणी लिहिलं असेल तर तो तुमच्याविरुद्धचा पुरावा तुम्हीच तयार केला. फी कशी मोजायची, कधी घ्यायची, सौदा फिसकटला तर किती परत, याचा नमुना करार बनवा आणि आकड्याची जागा रिकामी सोडा.

रजिस्ट्रेशन: आपल्याकडे मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम १९७३, सात जण पुरतात, फर्म्स अँड सोसायटीजकडे अर्ज. सोपं आहे, अवघड आहे ते पुढचं. दरवर्षी कार्यकारिणीची यादी आणि ऑडिट केलेला हिशोब द्यावा लागतो, ज्याला आपल्याकडे सगळे धारा २७-२८ म्हणतात. बहुतेक संस्था तिसऱ्या वर्षी ते विसरतात आणि मग बँकवाला अध्यक्षाच्या सह्या बदलून देत नाही. मी म्हणेन सहा महिने तसंच चालवा, टिकले तर रजिस्टर करा.

आणि सौरभच्या मुद्द्यावर. बिल्डरकडून खरंच पैसे घेतले नाहीत हे तपासायची सोपी पद्धत आहे. बिल्डर दलाली देताना टीडीएस कापतो, तो एजंटच्या २६एएसमध्ये (आयकराकडचा कापलेल्या टीडीएसचा तक्ता) बिल्डरच्या नावासकट दिसतो. मेंबरशिप रिन्यू करताना तेवढं एक पान बघायचं.

सयाजीगंजचा सौरभ

साहेब, आणि नगदीचं काय? ते कुठल्या फॉर्ममध्ये दिसतं 😄

सीए लोकमान्यनगर

नाही दिसत. म्हणून नुसत्या २६एएसवर जाऊ नका, सौदा झाल्यावर घेणाऱ्याला असोसिएशनकडून एक फोन जाऊ द्या, की एजंटने तुम्हाला काय लिहून दिलं होतं आणि शेवटी कुणाला किती दिले. चोर पकडायला नाही, पण असा फोन येणार हे माहीत असलं की माणूस जरा सरळ चालतो.

पुण्यात राहणारा, मूळ सुदामानगर

मी एजंट नाही, गिऱ्हाईक आहे. आईबाबांसाठी निपानियाच्या बाजूला फ्लॅट बघत होतो, इथून फोनवर. पाच एजंट भेटले आणि पाचही जणांनी मला तोच सुपर बिल्टअप (जिना-लिफ्टचा वाटा धरून फुगवलेला एरिया) ऐकवला, कार्पेट म्हणजे घराच्या आतली खरी जागा किती विचारलं की "सर साइटवर या ना". एकानेच कायतरी वेगळं केलं. त्याने रेराच्या साइटवरचं त्या प्रोजेक्टचं पान काढून पाठवलं आणि खाली लिहिलं की ब्रोशरवर छापलेला रजिस्ट्रेशन नंबर पहिल्या फेजचा आहे, तुम्हाला दाखवतायत तो टॉवर दुसऱ्या फेजचा, त्याचा नंबर अजून आलेला नाही. बास. त्या एका मेसेजनंतर मी त्याला फी देतो म्हणालो, त्याने मागायच्या आधी. तर लोक पैसे देत नाहीत असं नाही हो, कशाचे द्यायचे ते दिसत नाही.

बिचोलीवाली

सगळ्यांना मनापासून थँक्यू, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. काका, ओटा पक्का समजते हं.

काल रात्री सगळ्यांशी बोलले. स्पॉन्सर बाद, त्यावर दोघं रुसले आणि एक ग्रूप सोडून गेला, जाऊ दे. रेटचा मेसेज ज्याने टाकला होता त्याला सीए सरांचं उत्तर वाचायला दिलं, तो गप्प झालाय. चॅनल पार्टनरवाल्यांचं मात्र मला सौरभचं अर्धंच पटलं. ज्या सौद्यात बिल्डरचे पैसे घेतले तो सौदा असोसिएशनच्या नावाने करायचा नाही, कार्डावर नाव छापायचं नाही, आणि पदाधिकारी व्हायचं असेल तर वर्षभर बिल्डरकडून एक रुपया नाही. हे मला पण लागू. माझे दोन बिल्डर सुटणार याने, घरी अजून सांगितलेलं नाही.

मीटिंगचं असं ठरवलंय की भाषण वगैरे काही नाही, प्रत्येकाने आपल्या चालू सौद्याची फाइल आणायची, पार्टीचं नाव झाकून, आणि बाकीच्यांनी ती फाडायची. खसरा आणि बी-वन (जमीन कुणाच्या नावावर तो उतारा) जुळतात का, डायव्हर्शन (शेतजमिनीचं बिगरशेती) झालंय का, टी अँड सीपीच्या नकाशावर तो प्लॉट आहे का बगिचा आहे, रेरा नंबर कुठल्या फेजचा, आणि पालिकेकडे बंधक ठेवलेल्या प्लॉटांच्या यादीत तर नाही ना. हे शेवटचं निम्म्या लोकांनी ऐकलेलंच नव्हतं! कॉलनीची कामं पूर्ण होईपर्यंत काही प्लॉट पालिकेकडे अडकवून ठेवलेले असतात, ते सोडवायच्या आधीच विकले जातात आणि घेणाऱ्याला पत्ता नसतो.

एक शंका राहिली. रीसेलची जुनी घरं, म्हणजे सुदामानगर, लोकमान्यनगर वगैरे, तिथे रेरा नंबरच नसतो, मग तिथे काम करणाऱ्या मेंबरला रेरा रजिस्ट्रेशनची सक्ती करायची का? आमच्यात तिघं फक्त तेच करतात.

रामबागकर काका

कायद्याने पाहिलं तर रेराची सक्ती रजिस्टर्ड प्रोजेक्टमधल्या सौद्यांपुरती आहे, जुनं घर एकाने दुसऱ्याला विकलं त्यात ती येत नाही. पण तरी कर. आज जुनं घर विकतोय तो उद्या बायपासवरचा प्लॉट दाखवणारच आहे. आणि त्या तिघांना रीसेलच्या फाइली तपासायचं काम दे, वारसांच्या सह्या, जुनी बँकेची मॉर्टगेज, लीजचं फ्रीहोल्ड झालंय का, यात ते तुम्हा सगळ्यांपेक्षा तयार असतील.

रविवारी सकाळी नऊला या, उशीर करू नका, अकराला मला लग्नाला जायचंय. आणि फाइलींच्या झेरॉक्स आणा, मोबाइलवर मला दिसत नाही.