नळी नवी, तरी पंप जडच?

काही जण सांगतात की बोटीच्या टॉयलेटचा हातपंप जड झाला की सरळ पंपाचं किट (आतल्या सील-वॉशरचा संच) बदला. बदला, पण आधी बाहेर जाणारी नळी सोडून आत हाताचं बोट घालून बघा. समुद्राचं पाणी आणि लघवी एकत्र आली की आतून कॅल्शियमचा पांढरट थर बसत जातो. दीड इंची नळीत जेमतेम अंगठा जाईल एवढीच जागा उरलेली मी बघितलीय. मी लातूरचा, बोअरच्या पाण्यानं हिटरच्या कॉइलचा दगड झालेला लहानपणापासून बघतोय, त्यामुळं मांडव्याला पहिली नळी काढली तेव्हा ओळखीचंच वाटलं! धक्क्यावर चार वेळा आपटली तर नुसत्या खपल्या. पण लोक नळी बदलतात आणि सीकॉकच्या (बोटीच्या बुडातल्या भोकावर बसवलेल्या कॉकच्या) तोंडाला अन् एल्बोत, म्हणजे वळणाच्या जोडात, बसलेला थर तसाच ठेवतात. मग पंप जडच चालणार.

सीकॉक जाम असेल तर बोट पाण्यात असताना पाना लावून जोर करू नका. फिटिंग पितळी असेल तर बोट वर ओढल्यावर चाकूनं खरवडून बघा. पिवळ्याऐवजी गुलाबी दिसलं तर त्यातलं जस्त गेलंय, ते बिस्किटासारखं तुटतं. एका मालकाला हे दाखवलं तर म्हणाला, 'रंग छान दिसतोय की.' आता गावी घरच्या संडासाचा अँगल कॉकही मी महिन्यातून एकदा बंद-चालू करतो, नाहीतर क्षारानं तोही तसाच धरतो.