जनरेटरचा आवाज आणि शेजारची खिडकी

विषय: जनरेटर – शेजाऱ्यांना त्रास न होता कसा चालवावा?

नमस्कार मंडळी,

वादळाचे दिवस जवळ आले, म्हणून उघड्या सांगाड्याचा ५ किलोवॉटचा पेट्रोल जनरेटर आणलाय. गॅरेजबाहेर घर आणि कुंपणाच्या कोपऱ्यात ठेवायचा विचार आहे. पलीकडे ५-६ मीटरवर शेजाऱ्यांची बेडरूम, घरात तान्हं बाळ. ते अजून काही म्हणालेले नाहीत, पण म्हणायची वेळ येऊ नये असं वाटतं. फ्रिज, फ्रीझर, वाय-फाय आणि बाबांचं सीपॅप (झोपेत श्वासाचा मार्ग उघडा ठेवणारं हवेच्या दाबाचं यंत्र) चालायला हवं. सीपॅपमुळे रात्रभर बंद ठेवून चालणार नाही. गाडीचा सायलेन्सर बसवून घ्यावा का? की आवाज अडवणारी पेटी करून घ्यावी?

– एक नवा सभासद

विषय: उत्तर: जनरेटर

पेटीच करा. आमच्याकडे प्लायवूडची आहे, आतून फोम चिकटवलाय. आवाज बराच दबतो. फोटो हवा तर सांगा.

– खजिनदार

विषय: उत्तर: उत्तर: जनरेटर

खजिनदारसाहेब, फोटो नका पाठवू, आधी त्या पेटीला भोकं कुठे आहेत ते सांगा! ही इंजिनं हवेवर थंड होतात. २ किलोवॉट वीज काढताना निदान ५-६ किलोवॉट उष्णता बाहेर पडते, म्हणजे खोक्यात तीन गीझर चालू ठेवल्यासारखं. त्यात पेट्रोलची टाकी आणि पेट घेणारा फोम. शिवाय फोम वरच्या पट्टीतला कर्कशपणा शोषतो, खालची घरघर नाही. एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. लिस्टवर दोन्ही प्रकारच्या विजेचे लोक आहेत म्हणून सांगतो: ५० हर्ट्झला इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर फिरतं आणि ती घरघर २५ हर्ट्झची, ६० हर्ट्झला ३६०० फेऱ्या आणि ३० हर्ट्झ. ती भिंतीतून आरपार जाते. शेजारच्या बाळाची झोप तिच्यानेही मोडू शकते.

आता मूळ प्रश्न. गाडीचा सायलेन्सर लावू नका. त्याचं वजन इंजिनच्या नळीवर येतं, थरथरीने सांधा तडकतो आणि वॉरंटी जाते ती वेगळीच. त्यापेक्षा जागा बदला. तुम्ही निवडलेला कोपरा सगळ्यात वाईट. दोन्ही भिंती आवाज परतवतात आणि तो शेजाऱ्यांकडेच जातो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने उतरतो: ७ मीटरवर ६८ असेल तर १४ वर ६२, २८ वर ५६. म्हणून ५ मीटरवरून १० वर नेलंत तर फायदा चांगला, ४० वरून ४५ वर नेण्यात काही अर्थ नाही.

अंतर नुसतं आवाजासाठी नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. जनरेटर कुठल्याही दारा-खिडकीपासून निदान ६ मीटर हवा, आणि 'कुठल्याही'मध्ये शेजाऱ्यांची खिडकीही आली. तुमचा कोपरा इथेच बाद होतो. गॅरेजमध्ये तर शटर उघडं ठेवूनही नाही. धुराचं तोंड दोन्ही घरांपासून दुसरीकडे वळवा. आवाजही त्याच बाजूने जास्त येतो, म्हणजे एकाच वळवण्यात दोन कामं. घरात बेडरूमजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, बॅटरीवर चालणारा.

लाकडी डेकवर ठेवू नका, डेक ढोलासारखा घुमतो. जमीन किंवा काँक्रीट, खाली जाड रबरी मॅट. आडोसा हवाच असेल तर तीन बाजूंनी जड फळ्या उभ्या करा, फटी नकोत, यंत्रापासून हातभर लांब. वरून उघडं आणि धुराकडची बाजू मोकळी. शेजारच्या खिडकीतून यंत्र दिसत नसेल इतकी उंची पुरते. वरच्या मजल्यावरच्या खिडकीला मात्र तेवढ्याने काही होत नाही.

लांब नेलं की वायर लांब. २० मीटरला २.५ चौरस मिमी तांब्याच्या वायरीत १० अँपियरला सुमारे ३ व्होल्ट पडतात, ते चालतं. बारीक एक्स्टेन्शन गुंडाळलेली ठेवून वापरू नका, तापते.

– तांत्रिक समितीत नसलेला, पण सगळे ज्याला विचारतात तो

विषय: उत्तर: उत्तर: जनरेटर

या धाग्यात सगळे यंत्राच्या बाजूने बोलतायत. मी कुंपणाच्या पलीकडची बाजू सांगते, आमच्या शेजारी एक आहे.

आवाजापेक्षा तो कधी थांबणार हे माहीत नसण्याचा त्रास जास्त होतो. आमच्या शेजाऱ्याने दारात चिठ्ठी अडकवली: "संध्याकाळी ६ ते १० चालवणार, मग सकाळी ७ नंतर. त्रास झाला तर या नंबरवर फोन करा." शिवाय फ्रिजसाठी एक वायर आमच्याकडेही सोडली. त्यानंतर त्या यंत्राची घरघर आम्हाला आपली वाटू लागली, हसू नका. यंत्र चालवण्याआधी तुमच्या शेजाऱ्यांकडे एक चक्कर मारा, बाळ कुठल्या खोलीत झोपतं ते विचारा. आणि रात्री यंत्र पाच मिनिटं चालू ठेवून, त्यांची परवानगी घेऊन, त्यांच्या खोलीत उभं राहून ऐका. आपल्या अंगणात ऐकून काहीच कळत नाही.

– कार्यकारिणीतली एक ताई

विषय: उत्तर: उत्तर: जनरेटर

ताई, चिठ्ठीची कल्पना घेतली. पण १० ते ७ बंद म्हणजे नऊ तास. सीपॅप आणि फ्रिजचं काय?

– नवा सभासद

विषय: उत्तर: उत्तर: जनरेटर

रात्रीचा आवाज कमी करत बसू नका, रात्री यंत्र चालवूच नका. संध्याकाळी जनरेटर चालू असताना एक बॅटरी भरून घ्या आणि रात्र तिच्यावर काढा.

हिशेब असा. सीपॅप साधारण ४० वॉट, ९ तास: ३६० वॉट-तास. त्यातला पाणी गरम करणारा भाग बंद ठेवला की वापर बराच उतरतो, पण तो बाबांच्या डॉक्टरांना विचारून. वाय-फाय १०-१२ वॉट: सुमारे १००. फ्रिज चालू-बंद धरून सरासरी ५०-६० वॉट: ५०० च्या आसपास. बेरीज ९६० आणि इन्व्हर्टरचा तोटा. म्हणजे १ किलोवॉट-तासाची बॅटरी अपुरी, १.५ ते २ ची निवांत. फ्रिज सुरू होताना क्षणभर कितीतरी पट ओढतो, तेव्हा बॅटरीच्या इन्व्हर्टरची झटका सोसण्याची क्षमता पाहून घ्या. ५०० वॉटच्या चार्जरने २ किलोवॉट-तास भरायला चार तास लागतात, ते तुमच्या ६ ते १० मध्ये बसतात.

फ्रिज बॅटरीवर घ्यायचा नसेल तर लक्षात ठेवा: दार न उघडता फ्रिज सुमारे ४ तासच टिकतो. भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. म्हणून फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, रात्री १० ला त्यातल्या चार-पाच फ्रिजमध्ये हलवा आणि आत थर्मामीटर ठेवा. ४ अंशांच्या वर दोन तासांहून जास्त गेलं तर दूध-मटण टाकून द्या, वास घेऊन ठरवू नका.

जनरेटर परत करता येत असेल तर लहान इन्व्हर्टर-जनरेटर घ्या. त्याचं इंजिन भाराप्रमाणे वेग कमी करतं, तुमचं मात्र फ्रिज बंद असतानाही ३००० किंवा ३६०० वरच ओरडतं. जाहिरातीतला डेसिबल बहुधा ७ मीटरवरचा आणि पाव भारावरचा असतो, तेव्हा पूर्ण भाराचा आकडा मागून घ्या.

पेट्रोल यंत्र थंड झाल्यावरच भरा. घराच्या सॉकेटमध्ये उलटी वायर खुपसून वीज देऊ नका, ती ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून लाइनवर काम करणाऱ्या माणसाला मारू शकते. इलेक्ट्रिशियनकडून ट्रान्सफर स्विच (घर एका वेळी लाइनला किंवा जनरेटरला, एकालाच जोडणारा) बसवा, नाहीतर वायर थेट उपकरणाला.

विषय: उत्तर: उत्तर: जनरेटर

ठीक आहे, पेटीला भोकं पाडतो.

– खजिनदार

विषय: उत्तर: उत्तर: जनरेटर

भोकं नको, पेटीच काढा!