नॅशनल पार्कच्या सफारीचं बुकिंग कुठून करायचं? लवकर सांगा

परळचा पांथस्थ: तासभर साइटवर साइट उघडतोय, नॅशनल पार्कच्या सफारीचं बुकिंग काही सापडत नाहीये. दिवाळीच्या सुट्टीत जातोय. जायची तिकिटं काढलीत, परतीचं वेटिंग आहे. हॉटेलवाला म्हणतो, इथे आलात की बघू. असं कसं चालेल? जीप नाही मिळाली तर? कुणी गेलं असेल तर पटकन सांगा.

मागाठाण्याची मावशी: सोमवारी जाऊ नका, बंद असतं. कान्हेरीला जायचं तर सकाळीच निघा. आणि खाऊची पिशवी हातात धरू नका, माकडं ओढून नेतात.

परळचा पांथस्थ: अहो मावशी, बोरिवलीला जायला वेटिंग कशाला लागेल! हिमाचल. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क.

घाटवाट: मग हे आधी लिहायचं ना राव. तिथे जीप सफारी नाहीच, बुकिंग सापडणार कुठून? साडेसातशे चौरस किलोमीटरचं रान आणि आत गाडीरस्ता नाही. पायीच जायचं. तीर्थन नदीच्या बाजूने गेलात तर गुशैणी गावापासून गेटपर्यंतच आठ-नऊ किलोमीटर चाल आहे, पुढे रोलाचा कॅम्प. परवाना लागतो, वन खात्याचं ऑफिस साई रोपाला. सोबत तिथलाच गाईड घ्या. कोण कोण आहात? चालायची सवय?

ताडोबाप्रेमी: दिवाळीत हिमाचलला जाऊन वाघ दिसणार का? ताडोबाला जा. 1955 पासूनचं, राज्यातलं पहिलं नॅशनल पार्क. मंगळवार सोडून जा, जिप्सीचं ऑनलाइन बुकिंग होतं.

घाटवाट: वाघाचं कुणी विचारलंय? एका वाघामागे वीस जिप्सी, त्याला जंगल म्हणायचं तर दादर स्टेशनही जंगलच.

ताडोबाप्रेमी: बफरला, म्हणजे गाभ्याबाहेरच्या जंगलात या एकदा, मग बोला. तुमच्या तिकडे चालून चालून दिसतं काय?

घाटवाट: नशीब असेल तर जुजुराणा, म्हणजे वेस्टर्न ट्रॅगोपान पक्षी. वर थार, भरल ही रानातली शेळ्या-मेंढ्यांची जात, कस्तुरीमृग. नाहीच दिसलं काही तर देवदार आणि नदी. 2014 ला युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलंय ते उगाच नाही.

सातारी कंदी: एवढं लांब कशाला? वासोटा करा. बामणोलीतून बोटीने शिवसागर ओलांडायचा, वन खात्याची पावती फाडायची, संध्याकाळच्या आत परत. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचंच जंगल आहे.

परळचा पांथस्थ: तिकिटं काढलीयत हो! मी, बायको, आठवीतली मुलगी आणि आई. आईच्या गुडघ्याची वाटी बदललीय मागच्या वर्षी.

घाटवाट: हे आत्ता सांगताय? मग रोलाचा नाद आईंना नको. वाट नदीकाठची असली तरी चढउतार आहेत, दगडांवर पाय जपून टाकावा लागतो. आईंना गुशैणीत नदीकाठच्या होमस्टेत उन्हात बसवा, तुम्ही तिघे एक दिवस गेटपर्यंत जाऊन या. संध्याकाळी पाचनंतर थंडी अशी पडते की मुंबईचा स्वेटर म्हणजे पंचाच. कानटोपी, जाड मोजे न्या. आणि रोख ठेवा जवळ, नेटवर्क गेलं की यूपीआय गेलं.

मांदेलीफ्राय: तिथे ट्राऊट खा, इंग्रजांनी आणून सोडलेला मासा. पण आपल्या पापलेटची सर नाही, आधीच सांगतो.

मागाठाण्याची मावशी: पापलेट सध्या परवडतंय कुणाला?

परळचा पांथस्थ: मासे बाजूला ठेवा जरा. आमची गाडी चंदीगडपर्यंतच आहे. पुढे?

घाटवाट: मनालीची बस पकडा. पण मनालीपर्यंत जायचं नाही, औटला बोगद्याच्या अलीकडे उतरायचं. तिथून टॅक्सीने बंजार, मग गुशैणी. कंडक्टरला बसताच सांगून ठेवा. रात्रीची बस घेतलीत तर पहाटे गजर लावा, नाहीतर डोळे उघडाल ते कुल्लूत.